भिंगकाकांचा डावा डोळा

भिंगकाकांच्या चष्म्याच्या काचा इतक्या जाड होत्या की त्यांच्याशी बोलताना समोरच्याला वाटे, आपण बरणीच्या तळाशी पडलेल्या दोन मण्यांशी बोलतोय. लहानपणापासून लांबचं दिसायची बोंब, आणि पोटापाण्याला धंदा धरला तोही चष्म्यांचाच. गिऱ्हाइकाला उंच स्टुलावर बसवायचं, नाकावर ती जड फ्रेम चढवायची, एक डोळा काळ्या चकतीनं झाकायचा आणि भिंगामागून भिंग सरकवत विचारायचं, आता बरं की मघाशी बरं? हा प्रश्न त्यांच्या तोंडात इतका बसला होता की बायकोनं दुसऱ्यांदा चहा पुढे केला तरी घोट घेऊन ते म्हणत, मघाशी बरं. मग तिसरा कप काही मिळत नसे.

माणूस निर्व्यसनी. दारू नाही, तंबाखू नाही, पत्ते नाहीत. वाद मात्र घातल्याशिवाय अन्न गोड लागत नसे, आणि वादात हार मानणं त्यांच्या पत्रिकेतच नव्हतं.

रविवारी दुपारी दुकानाचं शटर अर्धं खाली आलं की बैठक भरे. शेजारचा सलूनवाला यायचा, खांद्यावरचा टॉवेल तसाच. मास्तर यायचे. निवृत्त झाल्यापासून ते भौतिकशास्त्राची जाडजूड पुस्तकं वाचत आणि आठवडाभर जे काही अर्धंमुर्धं पचलं असेल ते या दोघांपुढे आणून टाकत. काउंटरमागे भिंगकाकांची बायको बसलेली असे. तिला सगळे वहिनी म्हणत. फ्रेमा पुसता पुसता ती सगळं ऐके आणि अधूनमधून असा सुस्कारा टाके की जणू विश्वाचा पसारा तिलाच आवरायचा आहे.

काळ कमीजास्त वेगानं धावतो यावर तिघांचं भांडून झालं होतं. एकच माणूस एकाच वेळी अनेक जगांत असतो या मुद्द्यावर सलूनवाल्यानं विचारलं होतं की त्यातल्या एखाद्या जगात तरी हा भिंग्या दुसऱ्याचं ऐकतो का. मग मास्तरांनी तो कण आणला. अगदी बारीक कण, मोजमाप करेपर्यंत तो इथे असतो असंही म्हणता येत नाही आणि तिथे असतो असंही नाही. भिंगकाकांना हे इतकं आवडलं की मास्तरांचं वाक्य संपायच्या आत त्यांनी ते स्वतःच्या नावावर करून टाकलं. बघितल्याशिवाय काही ठरतच नाही, हा त्यांचा पक्ष. सलूनवाला म्हणाला, मी पाठ फिरवली म्हणून गिऱ्हाइकाची दाढी वाढायची थांबत नाही. भिंगकाकांनी त्याला असं काही गुंडाळलं की शेवटी तो बिचारा टॉवेल झटकत उठला. मास्तर काहीतरी सांगायला गेले, पण वाद रंगात आलेला पाहून त्यांनीही तोंड मिटलं.

त्याच आठवड्यात एका सकाळी तोंड धुताना भिंगकाकांनी मान वळवली आणि डाव्या डोळ्याच्या कोपऱ्यात वीज चमकली. दुपारी काजळी उडावी तसे काळे ठिपके पोहू लागले. दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, पित्त झालं. भिंगकाकांना तशी सोय नव्हती. असे ठिपके घेऊन आलेल्या गिऱ्हाइकांना ते चष्मा विकत नसत. डोळ्याचा पडदा सुटत असेल, आजच्या आज मोठ्या दवाखान्यात जा, असं दम देऊन ते त्यांना स्टुलावरून उठवत आणि रिक्षात बसेपर्यंत पाठ सोडत नसत. त्यांच्यासारख्या जाड काचांच्या माणसाला हा धोका सगळ्यात जास्त, हेही तेच लोकांना सांगत.

उजवा डोळा झाकून डाव्यानं भिंतीवरच्या अक्षरांच्या तक्त्याकडे बघायचं, इतकंच करायचं होतं. चकती हातात होती. त्यांनी ती डोळ्यापर्यंत नेली आणि परत ठेवून दिली. दोन्ही डोळे उघडे ठेवले की सगळं ठीकठाक दिसत होतं. अक्षरं जागच्या जागी, बायको जागच्या जागी. मग कशाला उगाच? बघितलंच नाही तर अजून काही ठरलेलं नाही. आदल्या रविवारी सलूनवाल्याला गप्प करणारा मुद्दा आता त्यांनी स्वतःवर चालवला, आणि तो इतका बेमालूम चालला की त्यांचं त्यांनाच कौतुक वाटलं.

तेव्हापासून भिंगकाकांचा सगळा दिवस एकाच कामात जाऊ लागला, उजवा डोळा एकटा मिटायचा नाही. भिंगाचा नंबर तपासायच्या यंत्रात ते वर्षानुवर्षं डाव्या डोळ्यानं बघत, आता उजव्यानं बघू लागले. डोळे चोळायचे तर दोन्ही एकदम. शिंक आली तरी ती आधी अडवून, दोन्ही डोळे सावध करून मग देत. सलूनमध्ये दाढीला गेले तेव्हा सलूनवाल्यानं नेहमीसारखा गरम टॉवेल तोंडावर टाकला. त्याचं टोक उजव्या डोळ्यावर आलं, तसा भिंगकाकांनी टॉवेल ओढून जमिनीवर फेकला. सलूनवाला थट्टेनं म्हणाला, भाजलं का रे राजा? पण खुर्चीच्या हातांवरची त्यांची बोटं पांढरी पडलेली पाहून पुढची थट्टा त्यानं गिळली.

आणि तरीही कधीतरी, रस्ता ओलांडताना, नाकाच्या बाजूनं खालून काहीतरी वर येतंय असं वाटे. कुणीतरी जवळ येऊन उभं राहावं तसं. ते झटकन मान वळवत. तिथे कुणी नसे.

पुढच्या रविवारी बैठक भरली. भिंगकाका आले ते तावातावानं, नेहमीपेक्षा मोठ्यानं बोलत. कण सोडून ते आता माणसांवर आले होते. माणसाचं दुखणंसुद्धा तपासेपर्यंत नक्की नसतं, तपासणीच त्याला नक्की करते, असं काहीबाही. सलूनवाल्यानं विचारलं, म्हणजे तू नंबर काढेपर्यंत गिऱ्हाइकाला नंबर नसतो? मास्तर हसले. भिंगकाका हसले नाहीत. नसतोच, म्हणाले.

काउंटरमागे फ्रेम पुसायचं फडकं थांबलं.

"मग तुम्ही कूस का बदललीत?" वहिनींनी विचारलं.

कुणाला काही कळेना. वहिनी सावकाश बोलत होत्या. लग्न झाल्यापासून हा माणूस उजव्या कुशीवर झोपतो. भिंतीकडे मी आणि दाराकडे हे. या आठवड्यात हे पाठ फिरवून डाव्या कुशीवर झोपायला लागले. आधी वाटलं, माझ्यावर रागावलेत. मग मी रोज पहाटे बघत पडून राहिले. जाग आली की डोळे उघडण्याआधी हे चाचपून बघतात, उशीत कुठला डोळा दबलाय ते.

सलूनवाल्यानं टॉवेल खांद्यावरून काढून हातात घेतला. त्यालाही काहीतरी आठवलं असावं. भिंगकाका म्हणाले, वादात घरच्या गोष्टी आणायच्या नाहीत. पण आवाजात नेहमीची धार नव्हती.

"भिंगकाका," मास्तर म्हणाले, "ते सगळं त्या एवढ्याशा कणापुरतं हो. माणसाच्या डोळ्याला ते लागू नाही. तुम्ही बघा नाहीतर बघू नका, त्याच्यावर उजेड पडतो, हवा लागते, आतलं रक्त फिरतं. त्याचं ठरायचं ते ठरत राहतं. तेव्हाच सांगणार होतो. पण तुम्ही जिंकत होता, आणि ऐकायला मजा येत होती."

वहिनी काउंटरबाहेर आल्या. काळी चकती त्यांनीच उचलली.

"उद्या बघू," भिंगकाका म्हणाले. "आता गिऱ्हाईक येईल."

"शटर अर्धं खाली आहे. कुणी येत नाही."

त्यांना स्टुलावर बसवायला लागलं नाही, ते आपणच बसले. वहिनींनी त्यांचा चष्मा नाकावर नीट बसवला आणि चकती उजव्या काचेवर धरली. तक्त्याकडे बघायचं कारणच पडलं नाही. समोर बायको होती. तिचा भांग दिसत होता, कपाळ दिसत होतं, भुवया दिसत होत्या. त्याच्या खाली काही नव्हतं. काळंही नव्हतं धड, नुसतं गढूळ, हलणारं, आणि त्याची कड तिच्या डोळ्यांपर्यंत चढत आलेली.

"काय दिसतं?"

वहिनींच्या आवाजाकडे ते जरा पुढे वाकले.

"तू ओठ हलवलेस का?" त्यांनी विचारलं. "मला कळलं नाही."

सलूनवाल्यानं गाडी काढली. तिकडे सलूनमध्ये गिऱ्हाईक खुर्चीत साबण लावून बसलेलं होतं, त्याला तसंच ठेवलं. भिंगकाका मागच्या सीटवर मान न हलवता बसले. मान हलवायची नाही, हे त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती. खड्डा आला की सलूनवाला आधीच माफी मागायचा. वाटेत एकदा मास्तर म्हणाले की हल्ली शस्त्रक्रिया फार सोप्या झाल्यात, आणि मग खिडकीबाहेर बघू लागले.

दवाखान्याच्या खोलीत अंधार केलेला होता. डॉक्टरीणबाई तरुण होत्या. डोळ्यात औषध घालून त्यांनी भिंगकाकांची हनुवटी यंत्रावर टेकवली आणि डावा डोळा बघितला. पडदा सुटलाय, म्हणाल्या, आणि सुटत सुटत मधल्या जागेच्या काठापर्यंत आलाय. त्या जागेनं माणूस वाचतो, तोंडं ओळखतो. तीही सुटली तर शस्त्रक्रिया करूनसुद्धा पूर्वीसारखं दिसेल याची हमी कुणी देणार नाही. उद्या सकाळीच करावी लागेल.

"हे कधीपासून आहे?" त्यांनी विचारलं.

हाच प्रश्न भिंगकाका गिऱ्हाइकांना विचारत, आणि ज्यांना सांगता येत नसे त्यांच्यावर डाफरत. वहिनी त्यांच्या तोंडाकडे बघत होत्या.

"माहीत नाही," ते म्हणाले. "बघितलं नाही."

डॉक्टरीणबाईंनी कागदावर काही लिहिलं नाही. भिंगकाकांना वाटलं, झालं, आता उठायचं. त्यांनी हनुवटी उचलली आणि वहिनींच्या हातासाठी हात पुढे केला.

"बसा," बाई म्हणाल्या. "उजवा राहिलाय."

उजव्याला काही नाही, त्यानं मला सगळं दिसतं, असं ते म्हणाले. बाईंनी हो म्हटलं आणि उजेडाची बारीक रेघ त्या डोळ्यात सोडली. वर बघा, खाली बघा, उजवीकडे. आता डावीकडे. पुन्हा उजवीकडे, आणि तसेच राहा. डाव्या डोळ्याला इतका वेळ लागला नव्हता. यंत्राच्या पलीकडून बाईंचा श्वास ऐकू येत होता. मग त्यांनी मागे न बघताच दार जरासं ढकललं आणि बाहेर उभ्या असलेल्या मोठ्या डॉक्टरांना हलक्या आवाजात म्हटलं, सर, जरा हे तुम्ही बघता का.

वहिनींनी भिंगकाकांचा हात धरला.