माई आत, चेअरमन दारात

१४ मे. दुपारी बाहेर त्रेचाळीस अंश होतं आणि खोली गार करायच्या माझ्या चिलरच्या ड्रममधलं पाणी बारा अंशांवर होतं.

हा चिलर मी मागच्या उन्हाळ्यात बायकोसाठी घरीच बनवला. मंदा आजारी होती आणि आमची वरच्या मजल्यावरची खोली फार तापायची. जुन्या फ्रिजचा कॉम्प्रेसर, पाण्याचा ड्रम, कारचा रेडिएटर आणि त्यामागं पंखा, एवढंच. पण अपार्टमेंटच्या चेअरमनना दुपारी त्याच्या आवाजाचा त्रास व्हायचा. त्यांनी चिलरला गच्चीवरून आणलेली वायर कापायला लावली. मंदाचे शेवटचे दिवस ओल्या फडक्यावर गेले. ती गेल्यावर मी चिलर पुन्हा जोडला.

आज तेच चेअरमन आपल्या आईला धरून माझ्या दारात आले.

"भाऊ, एसी बंद पडला. मेकॅनिक उद्या येतो म्हणतो. आम्हाला घंटाभर बसू द्या."

"माई, तुम्ही आत या," मी म्हणालो. "साहेब, तुम्ही बाहेरच थांबा. तुम्हाला आवाज सहन होत नाही."

"झालं गेलं सोडा ना आता."

"नाही सोडणार."

माई पंख्यासमोर बसल्या. "त्याला कामून उन्हात उभं केलं?"

"त्यांनाच विचारा."

चेअरमननी मान खाली घालून सगळं सांगितलं. माईंनी पदरानं तोंड पुसलं. मग म्हणाल्या, "मग राहू दे त्याला तिथंच."

मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू? तुम्ही असता तर त्यांना आत घेतलं असतं का?

ते गेल्यावर मी चहा केला, प्यालो आणि कप विसळून ठेवला.