नित्याच्या ऊंजलसाठी कृष्णवेणीचा डबा

एकोणसाठाव्या वर्षी कृष्णवेणीला संगीताचं जे वेड लागलं, ते काही साधंसुधं नव्हतं. विमा ऑफिसातून निवृत्त होऊन जेमतेम सहा महिने झाले होते आणि अण्णा नगरातल्या तिच्या हॉलमध्ये आता पाहुण्याला टेकायला जागा नव्हती. सोफ्यावर माईक, टीपॉयवर वायरींचं भेंडोळं आणि खुर्चीवर मुलाचा जुना लॅपटॉप! नवरा रघुराम बिचारा पेपर घेऊन बाल्कनीत जायचा. तक्रार मात्र त्याने एकदाही केली नाही, कारण इतकी खुशीत असलेली बायको त्याने कित्येक वर्षांत पाहिली नव्हती.

वेडाला कारण होतं, तिच्या भावाच्या मुलीचं, नित्याचं लग्न. तंजावरकडच्या मराठी घरांत लग्नाआधी वधूवरांना ऊंजलवर, म्हणजे सजवलेल्या झोपाळ्यावर बसवतात. सवाष्णी एकेक करून रंगीत भाताचे गोळे घेऊन त्यांच्याभोवती फिरतात, चार दिशांना गोळे टाकून दृष्ट काढतात, आणि त्या वेळी जुन्या मराठीतलं झोपाळ्याचं गाणं म्हणतात. म्हणतात म्हणजे, म्हणत असत. गाणं येणाऱ्या बायका एकेक करून गेल्या, आणि आता ते पुरतं येणारी एकटी कृष्णवेणी उरली होती.

"अत्ते, मज तेच गाणं पाहिजे," नित्याने सांगून टाकलं. "पण खाली बीट पाहिजे गं. नुसतं गायलीस तर चारशे माणसांत कोणास ऐकू येणार? हॉलवाला सिनेमाचं गाणं लावून मोकळा होईल."

सिनेमाचं गाणं! आपल्या घरच्या ऊंजलला! कृष्णवेणीने त्याच दिवशी ठरवलं, की बीट तर बीट, पण गाणं आपलंच होणार.

आता हे करायचं कशावर, यावरून घरात जुंपली. मुलगा वेंकट सिरुसेरीच्या आयटी पार्कात कामाला. आई मराठीत बोलली की तो तमिळमध्ये उत्तर देणार, आणि फारच लाडात आला तर मोडकंतोडकं मराठी. त्याचं म्हणणं, "अम्मा, लॅपटॉप पुरे. सगळं सॉफ्टवेअरमध्ये आहे. वेगळा डबा कशास?" खालच्या मजल्यावरचे रत्नाकर मूळचे सांगलीचे, आवडी या उपनगरातल्या कारखान्यात नोकरीला आणि हार्मोनियमचे शौकीन. त्यांच्याकडे सोळा रबरी बटणांचं एक यंत्र होतं, वेंकट त्यालाच डबा म्हणे. बोटाने ठेका वाजवायचा, की ते यंत्र तोच ठेका तुम्ही थांबवेपर्यंत फिरवत बसायचं.

"वहिनी, वाद्य कसं हाताला लागलं पाहिजे," रत्नाकर तावातावाने सांगायचे. "स्क्रीनकडे बघत कोणी गातं का?"

"अंकल, लॅपटॉपमध्ये पण लूप फिरतो," वेंकट म्हणायचा.

"फिरत असेल. पण बघायचं कुठे? झोपाळ्याकडे की माउसकडे?"

कृष्णवेणीला या भांडणाची भारी गंमत वाटायची. तिची गाण्याची पट्टी दक्षिणेकडच्या भाषेत साडेपाच कट्टै. रत्नाकर त्याच पट्टीला काळी चार म्हणायचे, आणि दोघं त्यावरही दहा मिनिटं घालवायचे. पण शेवटी पोटचा पोर तो पोटचा पोर. तिने लॅपटॉप घेतला.

आणि काय सांगू, हरखूनच गेली! एक कळ दाबली की वीणा, दुसरी दाबली की बासरी, तिसरी दाबली की तिने जन्मात न ऐकलेला घंटानाद. पहिले दहा दिवस तर ती नुसते आवाजच ऐकत बसली. मग वेंकटने शनिवार-रविवार तिला समोर बसवून गाऊन घेतलं, ओळ न् ओळ कापली, जोडली, घासूनपुसून लख्ख केली. तीन मिनिटं चाळीस सेकंदांचं गाणं तयार झालं. ते ऐकून रघुरामनेसुद्धा पेपर खाली ठेवला.

नित्याच्या लग्नाच्या आठ दिवस आधी मांबळमच्या एका हॉलमध्ये चुलतबहीण रंजनीच्या मुलीचं लग्न होतं. तिथे ते वाजवून बघायचं ठरलं. सुरुवात झकास झाली. बायका माना डोलवू लागल्या. पण आपल्याकडे ऊंजलला कधी मोजून बायका फिरल्यात का? "तू पण ये गं, एक फेरा घाल" म्हणत जी ती शेजारणीला पुढे ढकलते. चौथी बाई अर्ध्या फेऱ्यात असताना गाणं संपलं. गोळे हातात धरून ती बाई तशीच उभी. आणि हॉलवाल्याने, अगदी वाट बघत असल्यासारखं, धडाक्यात सिनेमाचं गाणं सोडलं. कृष्णवेणीला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"मी मोठं करून देतो, अम्मा. दहा मिनिटं करतो," वेंकट रिक्षात म्हणाला.

"आणि बायका पाच मिनिटांत आटोपल्या तर? मग गाणं काय रिकाम्या झोपाळ्यास ऐकवू?"

दुसऱ्या दिवशी सकाळीच तिने रत्नाकरांची बेल वाजवली. "तुमचा डबा द्या."

पुढचे सात दिवस म्हणजे नुसती धमाल. डबा मांडीवर, उजव्या हाताने ठेका, डाव्या हाताने तंबोऱ्याचं बटण, आणि गळा मोकळा. बोटं चुकायची, ठेका कोलमडायचा, ती खो खो हसून पुन्हा सुरू करायची. सांबार दोनदा लागलं. चौथ्या दिवशी तिने डोळे मिटून सगळं वाजवलं आणि ओट्याशी उभ्या रघुरामला ओरडून सांगितलं, "अहो, पाहिलंत? न बघता वाजतंय! अहो, माझा हात बघा!" तो म्हणाला, "बघतोय की." वेंकट मात्र आपल्या खोलीतून बाहेर आला नाही. त्याची मेहनत लॅपटॉपमध्येच पडून होती, हे कृष्णवेणीला थोडं खुपत होतं.

नित्याचा ऊंजल सकाळी नऊचा. कृष्णवेणी झोपाळ्यासमोर खुर्ची टाकून बसली. डब्याची वायर हॉलच्या स्पीकरला, माईक तोंडाशी.

"हळू हळू झुलवा गे सयांनो, नवरी आमुची कोवळी..."

ठेका घुमला आणि हॉल गप्प झाला. पाच बायका फिरल्या. नऊ झाल्या. वराकडच्याही हौसेने पुढे आल्या, चौदा झाल्या! कडवी संपली की ही पुन्हा पहिल्यावर जाई, एखादी जाडी बाई हळू चालली की ठेका लांबवी. तिच्या अंगात नुसता उत्साह भरला होता. असंच दुपारपर्यंत चाललं तरी तिची हरकत नव्हती.

तेवढ्यात भावजय राजसबाई गोळ्यांचं ताट घेऊन पुढ्यात उभी राहिली. "वेणी, ऊठ. अत्त फिरल्याविना ऊंजल पुरा होतो काय?"

कृष्णवेणीने हिशेबात सगळ्या बायका धरल्या होत्या, लांबच्या, जवळच्या, वराकडच्यासुद्धा. स्वतःलाच धरायची राहिली होती! ती उठली की गाणं बंद. कोपऱ्यात हॉलवाल्याचा हात मशीनवर गेलेला तिला दिसला.

कोणीतरी तिच्या मांडीवरून डबा उचलला. वेंकट होता.

"तू जा, अम्मा."

"अरे, पण गाणं? कोण म्हणेल?"

घाईत त्याने चुकीचं बटण दाबलं, ठेका गेला, नुसता तंबोरा राहिला. मग ठेका परत आला आणि तो गाऊ लागला. आवाज फाटका, कान लाल, पण शब्द एकूण एक बरोबर. पहिलं कडवं, दुसरं, तिसरं. तिने त्याला यातलं काहीच शिकवलं नव्हतं. लॅपटॉपवर तिची एकेक ओळ पन्नास-पन्नासदा ऐकून कापताना आणि जोडताना सगळं गाणं पोराच्या गळ्यात जाऊन बसलं होतं, आणि त्याच्या आईला त्याचा पत्ताच नव्हता. बायकांचं गाणं पुरुष म्हणतोय म्हणून पोरी खिदळल्या, मग त्याही त्याच्यामागून सूर ओढू लागल्या.

कृष्णवेणी गोळे घेऊन झोपाळ्याभोवती फिरत होती. डोळ्यांना धारा लागल्या होत्या, तोंडावर हसू मावत नव्हतं. आता माझ्यामागे हे गाणं आहे, आहे रे देवा, एवढंच तिच्या मनात चाललं होतं.

"वेणी, तीन फेरे झाले गं!" राजसबाई ओरडली.

"झाले तर झाले," कृष्णवेणी म्हणाली आणि चौथ्या फेऱ्याला लागली.