चंद्रभानरावांची लाईन

चंद्रभानरावांनी जन्मात कधी नवी वायर विकत घेतली नव्हती. हे ते तक्रार म्हणून नव्हे, चारित्र्य म्हणून सांगत. ताडकळसच्या अलीकडे त्यांचं वावर. मीटर रस्त्याकडेच्या खांबावर, आणि राहायचा आखाडा, म्हणजे शेतातलं घर, वावराच्या पार दुसऱ्या टोकाला, तीनशे मीटर आत. मधल्या अंतरात बाभळीच्या खुंटांवरून आणि लिंबाच्या फांदीवरून जी लाईन गेली होती, तिला त्यांचं आत्मचरित्र म्हणायला हरकत नव्हती. पहिला तुकडा विहिरीच्या जुन्या मोटारीचा. दुसरा पुतण्याच्या लग्नातल्या मांडवाचा. मांडववाला तो न्यायला विसरला होता, किंवा त्यानं विसरावं अशी व्यवस्था झाली होती. पुढचे तुकडे कुठले, ते त्यांनाच ठाऊक. प्रत्येकाची जाडी निराळी, रंग निराळा, आणि सांध्यांवर खताच्या पिशवीच्या पट्ट्या.

"लाईट लागतो ना?" एवढाच त्यांचा निकष. लागायचा. पंखाही फिरायचा, पाती मोजता येतील इतक्या सावकाश. बायकोनं मिक्सर लावला की बल्ब मान टाकायचा, पण तो मिक्सरचा दोष धरला जाई.

बायको म्हणजे कस्तुराबाई. जन्मभर चुलीपुढं बसून त्यांची छाती धुरानं भरली होती. गेल्या हिवाळ्यात त्या दवाखान्यात गेल्या आणि परतताना सोबत ऑक्सिजनचं मशीन आलं. ते विजेवर चालतं, हवेतून ऑक्सिजन गाळतं आणि नळीनं नाकात सोडतं. दिवसातले बहुतेक तास ते लावायचं; लाईट गेली तर तेवढ्यापुरता छोटा सिलिंडर. आखाड्यावर मशीन सुरू केलं, तर ते घुरघुरलं, पी-पी ओरडलं आणि बंद पडलं. व्होल्टेज पुरत नव्हतं. डॉक्टरांची अट साधी होती: मशीन चालेल तिथं बाईंनी राहायचं. मशीन चाललं ते परभणीत, मुलाच्या, महारुद्रच्या, तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये. म्हणून बाई तिथं.

फ्लॅटमध्ये सगळं होतं. खिडकीसुद्धा होती, तिच्यातून दुसऱ्यांची खिडकी दिसायची. कस्तुराबाई रोज फोन करत.

"शेळी व्याली का?"

"परवाच."

"आन् मला आज सांगायलाव? आवो, मला हितं ऱ्हायचं न्हाई. माझं घर तिथं हाय. ती वायर बदला."

चंद्रभानराव बाजाराच्या दिवशी सिद्धोधनच्या दुकानात गेले. तो जळालेल्या मोटारींची वाइंडिंग भरतो, वायर विकतो आणि गिऱ्हाईक ऐकत असो-नसो, बोलतो.

"मशीन चालावं इतकी जाड दे," चंद्रभानराव म्हणाले.

"नुसतं मशीन बघून न्हाई भागत काका. लांबी बघावी लागती. तीनशे जायला, तीनशे यायला. करंटला परत यावं लागतं."

"परत कामून?"

"त्याचं घर तिकडं हाय." सिद्धोधननं हिशेब सांगितला. मशीनला सुरू होताना जास्त करंट लागतो, वर पंखा, मिक्सर. मोटारींच्या हंगामात खांबावरच जेमतेम दोनशे पाच व्होल्ट. त्यातले वाटेत थोडेच सांडायला हवेत. "ॲल्युमिनियमची दोन कोअर, दहा एमएम. अडीचचं नाव काढू नका."

"दीडशे मीटर दे."

"अर्धीच?"

"मशीन आखाड्यावर चालायचं हाय. तिथून निम्म्यापर्यंत जाड टाकतो. खांबाकडची माझी चांगली हाय."

सिद्धोधननं एकदा सांगून पाहिलं. दुसऱ्यांदा सांगायच्या आत दुकानात तीन गिऱ्हाइकं शिरली.

अर्धी लाईन नवी झाली. चंद्रभानरावांनी सिद्धोधनचं व्होल्ट मोजायचं मीटर मागून आणलं, मोजणीत लबाडी नको म्हणून घरातला दिवा-पंखा सगळं बंद केलं आणि आखाड्यावरचं व्होल्टेज मोजलं. दोनशे पाच! खांबावर तेवढंच, इथं तेवढंच. त्यांनी लगेच महारुद्रला फोन लावला.

कस्तुराबाई ऑटोनं आल्या, नाकात नळी, मांडीवर सिलिंडर. महारुद्रनं मशीन लावलं. ते घुरघुरलं आणि ओरडलं. पुन्हा लावलं, पुन्हा ओरडलं. सिलिंडर संपायच्या आत परत फिरणं भाग होतं.

"करडं तरी दाखवा," बाई म्हणाल्या. एक करडू मांडीवर दिलं. त्यांनी त्याचे कान चाचपले, परत दिलं आणि ऑटोत बसल्या.

दुसऱ्या दिवशी सिद्धोधन स्वतः मोटारसायकलवर आला. त्यानं पाणी तापवायचा रॉड बादलीत सोडला, बटन दाबलं आणि मीटर पुढं धरलं. दोनशे पाचाचे एकशे पंच्याहत्तर झाले.

"काल तर बराबर होतं!"

"काल लाईनीला काम कुठं सांगितलं होतं? बिनकामाचं समदेच हो म्हणतेत काका. वरच्या वावराला पाईप कितीची हाय?"

"तीन इंची. पार वरपर्यंत."

"त्यात विहिरीपाशी एक तुकडा अर्ध्या इंचीचा घालू का?"

"मी काय येडा हाय का?"

सिद्धोधन मीटरच्या वायरी गुंडाळत राहिला. चंद्रभानरावांनी लिंबाच्या फांदीकडे पाहिलं. मग खुंटांकडे. मग टोपी काढून पुन्हा घातली.

उरलेली दीडशे मीटर आली. आता सांधा एकच, तोही डबीत आणि सिद्धोधनच्या हातचा. रॉड लावला तरी आकडा एकशे अठ्ठ्याण्णवच्या खाली उतरेना. चंद्रभानरावांनी या वेळी फोन करण्याआधी रॉडसोबत मिक्सरही फिरवून पाहिला, रिकामाच.

कस्तुराबाई आल्या. मशीन घुरघुरलं आणि घुरघुरतच राहिलं. महारुद्र एक दिवस मुक्कामाला थांबला, मग परभणीला गेला.

जुन्या वायरचं वेटोळं खुंटीला टांगलेलं होतं. चार दिवसांनी चंद्रभानराव त्याच्याकडे बघत म्हणाले, "ह्यातून गोठ्यात एक बल्ब काढावा म्हणतो. नव्या लाईनीलाच जोडतो."

कस्तुराबाईंनी ऐकून घेतलं. दुपारी ते वावरातल्या पऱ्हाटीत गेले आणि इकडे भंगारवाला आला. बाईंची नळी उंबऱ्यापर्यंतच पुरायची, म्हणून त्यालाच उंबऱ्याशी बोलावलं. संध्याकाळी खुंटी रिकामी.

"इकली?"

"इकली."

"त्यात लग्नाच्या मांडवाची..."

"मांडववाल्याचीच होती ना? गेली."

चंद्रभानराव उंबऱ्यात बसले. शेळी गोठ्यात ओरडत होती. बाई नळीच्या टोकावर उभ्या राहून तिकडे बघत होत्या.

"डॉक्टरला इचारतो," ते म्हणाले. "चालत असंल तर नळी वाढवू. गोठ्यापर्यंत जाता येईल तुला."

"दोन जोडून?"

चंद्रभानरावांनी रिकाम्या खुंटीकडे पाहिलं.

"न्हाई. नवी आणतो. अखंड."