स्टिअरिंग उजवीकडे वळवलं की कट-कट

मागच्या आठवड्यात एअरोसिटीतल्या घरून सेक्टर ३० ला ऑफिसला निघाले होते. पहिल्याच राउंडअबाऊटवर गाडीतून आवाज आला... कट-कट-कट. सरळ रस्त्याला लागले की बंद, पुढच्या चौकात वळले की परत सुरू. आणि चंदीगडमध्ये गोल चौकांना काय तोटा!

आधीच सांगते, माझा स्वभाव संशयी आहे. भाजीवाला 'एकदम ताजी है जी' म्हणाला की मी जुडी सोडून बघते. त्यात नोकरी उपकरणांच्या टेस्टिंगची... म्हणजे दिवसभर पगार घेऊन संशयच घ्यायचा.

संध्याकाळी रिकाम्या पार्किंगमध्ये काचा खाली केल्या, गाणी बंद केली आणि स्टिअरिंग पूर्ण वळवून हळूहळू गोल फिरले. डावीकडे वळताना शांत. उजवीकडे वळताना कट-कट, आणि अ‍ॅक्सिलरेटर दाबला की जास्तच. वळताना भार बाहेरच्या चाकावर येतो, म्हणजे दुखणं पुढच्या डाव्या चाकात.

शनिवारी मोहालीतल्या गॅरेजला गेले. डाव्या चाकाच्या जॉइंटवरचं रबर फाटलं होतं, ग्रीस बाहेर उडालं होतं आणि आत माती गेली होती. मेकॅनिक म्हणाला, "मॅडम, गाड़ी खेत में चलाते हो क्या?"

मला वाटलं, हा मला गंडवतोय. माझी गाडी घर, ऑफिस आणि भाजी मार्केट सोडून कुठे जात नाही, तीही गुळगुळीत रस्त्यांवरून. पण वाकून पाहिलं तर खालच्या पत्र्यात खरंच वाळलेलं गवत अडकलेलं... तेव्हा माझं डोकं फिरलं.

आठवड्यातले दोन-तीन दिवस मी कलीगच्या गाडीने जाते, तेव्हा आमची गाडी दारातच असते. नवरा एअर फोर्समध्ये, सध्या लांब पोस्टिंगवर. घरात मी आणि आई, म्हणजे सासूबाई. आईंना साधी सायकलसुद्धा येत नाही.

जास्तीची चावी मात्र शेजारच्या गुरमीत आंटींकडे होती. मीच ठेवलेली. या गावात अडीअडचणीला हाक मारावी असं आमचं तेवढं एकच घर.

आंटींचा मुलगा डेराबस्सीला औषधांच्या कंपनीत जातो. त्याची बाईक महिनाभर झाला बंद पडलीय, हे मला माहीत होतं. झालं... माझ्या डोक्यात त्याच्याविरुद्ध केस उभी राहिली. ड्रायव्हरची सीट अधूनमधून पुढे सरकलेली सापडायची, तेही आठवलं.

गाडी गॅरेजमध्ये सोडून आले आणि तडक आंटींकडे गेले. इन्शुरन्सवाल्यांना दोन्ही चाव्या दाखवायच्यात, अशी थाप मारली. त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि काही न विचारता चावी हातावर ठेवली. मी मनात म्हटलं, बघा, बोलायला तोंडच नाही.

घरी आईंना सांगितलं तर त्यांचा चेहरा पडला. जेवताना भाकरी नुसती कुस्करत बसल्या. मग मला आईंचाही संशय आला... यांना माहीत आहे आणि या आंटींना पाठीशी घालतायत!

दुसऱ्या दिवशी जॉइंट बदलून गाडी मिळाली. घेताना मी तीन गोल चौक मुद्दाम फिरून आले, आवाज गेला होता. घरी येऊन मेकॅनिकच्या हाताचं ग्रीस पुसायला स्टिअरिंगवर फडका फिरवला, तर मागच्या बाजूने फडक्याला पिवळं-लाल लागलं. वाकून बघितलं. एक बोट हळदीचं, शेजारी एक बोट कुंकवाचं... वरच्या वर परत परत लावलेलं.

आंटींच्या शीख घरात हे कोण लावणार? आणि आंटी चांगल्या उंच, त्यांचा मुलगा त्यांच्याहून उंच. ते सीट पुढे कशाला घेतील? आमच्या घरात नवीन मिक्सरलासुद्धा हळदकुंकू लावल्याशिवाय हात न लावणारं माणूस एकच आहे, आणि त्यांचे पाय जेमतेम क्लचला पोचतील.

आईंना विचारलं तर आधी ओट्याकडे तोंड करून उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "अगं, गुरमीत शिकवते मला. मागच्या रिकाम्या प्लॉटवर... कच्चं लायसन्स पण काढलंय. त्या झुडपात मीच घातली गाडी. तू हसशील म्हणून सांगू नको म्हटलं होतं तिला."

मी खरंच हसणार होते. पण त्या पुढे म्हणाल्या, "पावसाळ्यात तुला दम्याचा अटॅक आला ना... शेजारी आजारी माणूस गाडी चालवतंय आणि मी धडधाकट बाई मांडीवर पर्स धरून बसलेय. परत नाही बसायचं मला तसं."

त्या दिवशी सिग्नलला इन्हेलर ओढत मी हॉस्पिटल गाठलं होतं आणि नंतर विसरूनही गेले होते. आई विसरल्या नव्हत्या.

लगेच चावी घेऊन आंटींकडे गेले. त्यांनी ती पुन्हा त्यांच्या खिळ्याला अडकवली. म्हणाल्या, "मैं बता देती बेटा, तो तेरी सास अगले दिन से आती ही नहीं." म्हणजे मी चावी का नेली ते त्यांना तेव्हाच कळलं होतं. तरी माझ्या नजरेत चोर ठरल्या आणि गप्प बसल्या... आईंचं शिकणं थांबू नये म्हणून.

त्यांच्यासमोर मला खरं बोलायची हिंमत झाली नाही, चहा पिऊन परत आले. म्हणून इथे लिहितेय. आंटींना मराठी येत नाही, पण उद्या ड्रायव्हिंगला जाताना आई ही पोस्ट त्यांना हिंदीत वाचून दाखवणार आहेत. मी सांगितलंय, थाप मारल्याचं आणि चोर ठरवल्याचंही वाचा, काही गाळू नका.