यांच्या गाडीचा आवाज

"आधी ऐकायचं, मग हात लावायचा," असं म्हणत आमचे समोरचे शेजारी लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक यंत्राला टेकवायचे आणि मूठ कानाशी धरायचे. डॉक्टर छाती तपासतात तसं. माझा मिक्सर, इमारतीची लिफ्ट, वॉचमनचा पंखा, कशालाही. एकदा त्यांनी माझा फ्रिज ऐकला आणि म्हणाले, "याला काही झालेलं नाही. तुम्ही भाज्या कोंबता."

मुलांनो, तुम्ही सुट्टीत इथे बहरीनमध्ये, माहूजला आलात तेव्हा खाली पार्किंगमध्ये एक जुनी हिरवी अमेरिकन गाडी पाहिली असेल. ती आमच्या या समोरच्या शेजाऱ्यांची. मूळचे नाशिकचे. अस्करजवळच्या अ‍ॅल्युमिनियमच्या कारखान्यात मेंटेनन्स इंजिनिअर होते, आणि निवृत्तीनंतरही इथे राहायचा व्हिसा त्यांनी मिळवला होता. गाडी त्यांच्यापेक्षा थोडीच लहान. त्यांची पत्नी, म्हणजे वहिनी, तिला सवत म्हणायच्या. पण ते कामावरून येताना गाडी कोपऱ्यावर वळली की आवाजावरून ओळखायच्या. "हे आले," म्हणायच्या, आणि घंटी वाजायच्या आत दार उघडलेलं असायचं.

पुढे वहिनींना विसरण्याचा आजार जडला. आधी भाज्यांची नावं गेली, मग आमची, मग नवऱ्याचा चेहरा. आवाज तेवढा राहिला. दिवसभर त्या त्यांच्याकडे संशयाने बघायच्या. "आमचे हे कुठे आहेत?" असं त्यांनाच विचारायच्या. ते म्हणायचे, "कामावर गेलेत." संध्याकाळ झाली की ते गुपचूप खाली उतरायचे, गाडी काढायचे, शेजारच्या अदलिया भागात एक चक्कर मारून परत यायचे. आवाज कोपऱ्यावर आला की वहिनी उठायच्या. दार उघडून म्हणायच्या, "आलात? उशीर केलात." तिथून झोपेपर्यंत ते पुन्हा त्यांचे नवरे असायचे.

मला म्हणाले होते, "एवढं मिळतंय ना, बास आहे."

मग एक दिवस अदलियातच गाडी बंद पडली आणि टोचन लावून घरी आली. दुसऱ्या दिवशी वहिनींना कोणाचीच चाहूल लागली नाही. तिसऱ्या दिवशी भर दुपारी, ते अंघोळीला गेले असताना, वहिनी अनवाणी रस्त्यावर गेल्या. कोपऱ्यावरच्या कोल्ड स्टोरच्या, म्हणजे किराणा दुकानाच्या, माणसाने त्यांना परत आणलं. तळपायांना फोड आले होते. "हे आले नाहीत म्हणून बघायला गेले होते," एवढंच त्या सांगत राहिल्या.

त्यांच्या मुलीचा पुण्याहून फोन आला तेव्हा मी वहिनींच्या पायांना मलम लावत होते. फोन स्पीकरवर होता.

"बाबा, आता बास. मी येऊन आईला घेऊन जाते. इथे अशा लोकांसाठी चांगली संस्था आहे. चोवीस तास माणसं असतात."

"गाडी चालू होऊ दे. मग बघू."

"गाडीचा काय संबंध, बाबा?"

ते फोन ठेवल्यावर मला म्हणाले, "सांगितलं तर मलाही संस्थेत टाकेल."

वहिनींपाशी मी बसायची आणि ते खाली गाडी उघडायचे. त्या झोपल्या की ताकाचा पेला घेऊन मी खाली जायची. पार्किंगच्या पत्र्याखाली भट्टी पेटल्यासारखं व्हायचं. रेडिएटर काढून भिंतीला टेकवला होता. इंजिनाचं पुढचं झाकण काढल्यावर त्यांनी मला आत बघायला लावलं. एक लहान दातेरी चाक, त्याला भिडलेलं एक मोठं. मोठं फायबरचं होतं, म्हणजे दाबून कडक केलेल्या कापडाचं. त्याचे एका बाजूचे दात पार झडले होते. चुरा तेलात पडला होता, सुपारीसारखा.

"लहान चाक दोनदा फिरलं की मोठं एकदा फिरतं," ते म्हणाले. "दोघांवर एकेक ठिपका असतो. बसवताना ठिपक्यासमोर ठिपका आला पाहिजे. एक दात इकडचा तिकडे झाला की खलास."

नवं चाक त्यांनी अ‍ॅल्युमिनियमचं मिळवलं. आयुष्यभर त्याच धातूत काम केलेला माणूस, हातात घेऊन लहान मुलासारखे हसले. "हे माझ्यानंतरही टिकेल." ठिपके जुळवले, इंजिन हाताने फिरवून पुन्हा जुळतात का ते पाहिलं, झाकण लावलं. गाडी पहिल्या झटक्यात चालू झाली.

त्या संध्याकाळी वहिनी आणि मी हॉलमध्ये बसलो होतो. गाडी कोपऱ्यावर वळली. इंजिनाच्या आवाजावर एक बारीक शीळ चढली होती, धातूला धातू लागल्याची. वहिनी जागच्या हलल्या नाहीत. घंटी वाजली तेव्हा त्यांनी साखळी लावूनच दार किलकिलं केलं.

"हे घरी नाहीत. नंतर या."

दार लागलं. मी उघडायला गेले, तर वहिनींनी माझा हात घट्ट धरला. "नका उघडू हो. कोण आहे कोणास ठाऊक." बाहेर ते कितीतरी वेळ उभे असणार, कारण पायऱ्या उतरल्याचा आवाज मला आलाच नाही.

सकाळी गाडी पुन्हा उघडलेली होती. मी खाली गेले तेव्हा ते बंपरवर बसले होते, हात कोपरापर्यंत काळे. "फायबरचं का घालत होते, तर आवाज होऊ नये म्हणून," ते म्हणाले. "मला माहीत होतं हो. मला माहीत होतं, आणि मी टिकाऊ बघत बसलो."

फायबरचं चाक बहरीनमध्ये मिळेना. शेवटी चिंचवडच्या एका कारखानदाराने ते बनवून दिलं, आणि आणलं ते मुलीने, आईला न्यायला आली तेव्हा. तोवर वहिनी रोज नवऱ्याला बघून खोलीत जाऊन बसत होत्या. मुलीने चाक वडिलांच्या हातात दिलं आणि म्हणाली, "बाबा, तिकिटं दोघींची आहेत. मला पुन्हा रजा मिळणार नाही."

त्यांनी त्याच दुपारी काम सुरू केलं. दात तिरपे असल्याने चाक आत जाताना किंचित फिरलं आणि एक दात चुकला. इंजिन खोकलं, धूर सोडून गप्प झालं. मुलीने ओढणी कमरेला खोचली आणि टॉर्च धरला. पुन्हा सगळं उघडलं. ठिपके समोरासमोर आल्यावर तिनेच म्हटलं, "आता बरोबर आहे, बाबा."

संध्याकाळी गाडी कोपऱ्यावर वळली. तोच आवाज, जाड, मऊ. वहिनी उठल्या, पदर सारखा केला, दार उघडलं. "आलात?"

जिन्यावरून ते वर आले. वहिनींनी त्यांच्याकडे पाहिलं, मग त्यांच्या खांद्यावरून मागे पाहिलं.

"हे गाडी लावतायत वाटतं," त्या म्हणाल्या. "या ना भाऊजी, आत बसा. येतीलच आता."

मुलगी वळून स्वयंपाकघरात गेली. ते उंबऱ्यात तसेच उभे राहिले. मग चपला काढल्या, नीट जोडून ठेवल्या.

"बसतो, वहिनी," ते म्हणाले, आणि स्वतःच्या सोफ्याच्या कडेवर टेकले.

वहिनी त्या दिवशी शांतपणे जेवल्या. पाहुण्यांनी वाढून दिलं तेही खाल्लं. मुलीने एक तिकीट रद्द केलं आणि एकटी परत गेली. विमानतळावर जाताना वडिलांना मिठी मारून रडली. ते तिच्या पाठीवर थोपटत म्हणत होते, "अगं, मला घाबरत नाही ती आता. आत येऊ देते."

त्यानंतर रोज संध्याकाळी गाडी वाजायची, आणि भाऊजी यायचे. एकदा मी त्या दोघांपाशी बसले असताना वहिनी माझ्या कानाशी लागल्या. त्यांना वाटलं, त्या हळू बोलतायत.

"फार भले गृहस्थ आहेत हो भाऊजी. रोज येतात बिचारे, ताटकळत बसतात. पण यांची आणि त्यांची भेट म्हणून होत नाही."