कांद्यातली घरं

काल दवाखान्यात आयोडीनचा वास आला आणि सांबऱ्याजवळची आमची मराठी शाळा आठवली. एका योजनेतून विद्यापीठातल्या एक शास्त्रज्ञ मॅडम तिथं आम्हा शिक्षकांना प्रयोग शिकवायला येत. एकदा मुलांसमोर कांद्याच्या पापुद्र्यावर आयोडीनचा थेंब टाकून तो आम्ही सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. सातवीतली सारिका त्यावर वाकली आणि ओरडलीच, "बाई, कांद्यात लई घरं हाईत!"

"हिला खूप शिकवा," मॅडम मला म्हणाल्या.

पुढं ती योजनाच बंद पडली. सारिका विचारायची, "मॅडम कवा येणार, बाई?"

"येतील गं," मी म्हणायचे. मला ते खरंच वाटायचं.

सातवी संपताच घरच्यांनी तिला वडगावला मामाकडं कापड विणायला मागावर बसवलं. मी विनवलं, तर तिचे आप्पा मान खाली घालून बाहेर निघून गेले. आता शाळाही बंद झाली.

तिला ती कांद्यातली घरं दाखवलीच नसती तर बरं झालं असतं, असं वाटतं.