बाराच्या घंटेला आलेलं गिऱ्हाईक

देव आहे की नाही अशी शंका मला कधी आली नाही. त्याचं आमच्या वसईकडे लक्ष आहे की नाही, एवढीच शंका असे. आणि त्या वर्षी ती फारच बळावली. सत्तरचं दशक संपत आलं होतं. चैत्रातच विहिरींचं पाणी खोल गेलं, उमेळ्याकडच्या पानवेली पिवळ्या पडू लागल्या, आणि नेमका तेव्हाच माझा शेजारी इनासदादा याच्या पाण्याच्या इंजिनावर जप्ती आली. इंजिनासाठी घेतलेल्या कर्जाचे हप्ते थकले होते. इंजिन गेलं की वेल जाणार, आणि वेल गेली की वाडी विकावी लागणार, हे त्यालाही ठाऊक होतं आणि आम्हालाही. दादा रोज देवळात, म्हणजे आमच्या चर्चमध्ये, गुडघ्यांवर बसून राही. "दादा, देवाला जरा श्वास घेऊ दे," मी म्हणालो. एरवी माझ्या फालतू विनोदालाही मान डोलावणारा तो माणूस त्या दिवशी हसला नाही.

आमची बागायतदारांची एक लहानशी संघटना होती. रविवारच्या मिस्सानंतर देवळाच्या ओट्यावर सभा भरे. कुणाचं इंजिन बिघडलं तर बाकीच्यांनी आळीपाळीने त्याच्या वेलीला पाणी द्यायचं, आणि कुणावर जप्ती आली तर लिलावाला सगळ्यांनी हजर राहून एकानेही बोली बोलायची नाही, असा आमचा शिरस्ता होता. बोली झाली नाही की लिलाव पुढे ढकलला जाई, आणि तेवढ्या अवधीत संघटना हप्ते बांधून घेई. प्रश्न उरे तो परक्या गिऱ्हाइकाचा. ते खातं माझ्याकडे होतं. सणाच्या नाटकात दुष्ट सावकार नेहमी मीच होई. मी डोळे वटारले की पुढच्या रांगेतली पोरं आईच्या पदराखाली शिरत. लिलावाला मी त्याच डोळ्यांनी गिऱ्हाइकासमोर उभा राहत असे. "अहो, देवळातही असेच वटारता," माझी बायको म्हणे. "फादर प्रवचन आवरतं घेतात."

लिलावाच्या दिवशी विहिरीपाशी सगळी आळी जमली. लिलाव पुकारायला आलेले जप्तीचे साहेब बूट घालूनच वेलीत शिरले. आमच्याकडे पानवेलीत पायताण घालून कुणी जात नाही. वेलीला ते सोसत नाही म्हणतात. बायकांनी तोंडाला पदर लावला, पण साहेबांना सांगणार कोण? तेवढ्यात गोखिवऱ्याकडून एक उंच, वाळका माणूस आला. त्याने कुणी न सांगता बांधावरच वहाणा काढल्या. इंजिनाभोवती फिरून चाक हाताने फिरवलं, कान लावून ऐकलं. खरं गिऱ्हाईक होतं. मी समोर जाऊन डोळे वटारले, मिशी फुरफुरवली. त्याने माझ्याकडे मायेने पाहिलं आणि विचारलं, "डोले आले का तुमाला? दुधाची घडी ठेवा." आळी खुसखुसली. माझी सगळी कला विहिरीत बुडाली.

साहेबांनी बोली पुकारली. त्या माणसाने हात वर करायला घेतला, आणि देवळाची बाराची घंटा वाजली.

बाराची घंटा झाली की आम्ही असू तिथे उभे राहतो, टोप्या काढतो आणि देवदूताची प्रार्थना म्हणतो. ते काही ठरवून केलं नव्हतं. लिलावाच्या गडबडीत घंटेची वेळ कुणाच्या ध्यानातही नव्हती. आळीच्या तोंडून 'नमो मरिये' निघाली, इनासदादाचा आवाज मध्येच फुटला, आणि मी पाहिलं तर त्या परक्या माणसाचा अर्धा वर गेलेला हात खाली आला होता. त्याने दोन्ही हात जोडले होते, डोळे मिटले होते. प्रार्थना संपल्यावर साहेबांनी पुन्हा पुकारा केला. त्याने हात पुन्हा वर केला नाही. बांधावर जाऊन वहाणा घातल्या आणि उन्हातून निघून गेला. लिलाव पुढे ढकलला गेला, पुढे हप्ते बांधून मिळाले, वेल वाचली. आम्ही इतके आनंदात होतो की त्याला पाणीसुद्धा विचारलं नाही.

ही गोष्ट मी किती रंगवून सांगितली असेल! साहेबांचे बूट, दुधाची घडी, वर गेलेला हात, सगळं अभिनयासकट. त्याच उन्हाळ्यात असाच एकदा तुळिंजच्या बाजारात सांगत होतो. माणसं पोट धरून हसत होती. गोखिवऱ्याची एक भाजीवाली तेवढी हसली नाही. "तो आमचा हरीभाऊ," ती म्हणाली. "त्याचं इंजिन फुटलं व्हतं. भाजी पान्याविना उभी व्हती. तुमच्याकडनं रिकाम्या हातानं आला."

मी तसाच इनासदादाकडे गेलो. त्याने सगळं ऐकलं आणि बैल जुंपले. इंजिन गाडीवर चढवून आम्ही गोखिवऱ्याला पोचलो, तेव्हा हरीभाऊच्या शेतात भेंडीच्या नुसत्या काटक्या उभ्या होत्या. आम्हाला उशीर झाला होता. त्याने शेजारच्या घरून तांब्याभर पाणी आणून आधी आमच्या हातावर ओतलं.  मी विचारलं, "हरीभाऊ, त्या दिवशी तुम्ही हात खाली का घेतलात?"

"तुमी सगले देवाला हाका मारत व्हते," तो म्हणाला. "मला वाटलं, ज्याचं ज्याचं पानी आटलंय, त्या समद्यांसाठी मागताय. मंग मी पन हात जोडले. त्यात कसली बोली लावायची?"

आम्ही फक्त इनासदादासाठी मागत होतो, हे त्याला सांगायचं धैर्य माझ्यात नव्हतं.

पुढच्या उन्हाळ्यात संघटनेने गोखिवऱ्याच्या शेतकऱ्यांनाही पाण्याच्या पाळीत घेतलं, पण हरीभाऊ तोवर शेत सोडून मुलाकडे राहायला गेला होता. देवाची कृपा त्याच्या रूपाने आली होती ती आमच्याच दारी, आणि आमच्यासारखीच तहानलेली आली होती. आम्ही तिला ओळखलं नाही. आता उमेळ्यातही इमारतींचे पाये खणले जातात. पण बाराची घंटा झाली की मी अजून उभा राहतो. देवाकडे स्वतःसाठी काय मागायचं ते त्याच्यावरच सोडतो, आणि पहिली 'नमो मरिये' गोखिवऱ्याकडे तोंड करून म्हणतो.